चार शतांश माणूस

सकाळचे साडेदहा वाजले होते, चहा अजून पेल्यातच होता, आणि सबुरी तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सबुरी म्हणजे तिचे उपप्रमुख. आग लागली तरी 'जरा सबुरीनं घ्या' म्हणतील अशी त्यांची ख्याती, म्हणून सगळ्या मजल्यानं मिळून त्यांचं बारसं केलेलं. ते कधी कुणाच्या टेबलाशी जात नसत, शिपायाला पाठवत. आज स्वतः आले म्हणजे काहीतरी शिजत होतं. हातात तिनंच चार दिवसांपूर्वी वर पाठवलेला तक्ता होता आणि त्यातल्या एका आकड्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता. "बाई, सुरक्षेच्या ओळीत आकडा कसा आला?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की शेजारच्या टंकलेखिकेचे हात आपोआप थांबले. तिनं पाहिलं. शून्य पूर्णांक शून्य चार. तिचंच अक्षर, तिचाच तो जरा जास्त वळवलेला चार. तिला वाटलं, आपण बाहेर चप्पल काढायच्या जागी काहीतरी भलतंच काढून आलो आहोत आणि ते आत्ता सगळ्यांना दिसतं आहे.

घरी तिला मोठी म्हणत. आता म्हणायला आई तेवढी उरली होती, आणि ज्या धाकटीमुळे ही मोठी झाली ती जाऊन चौदा वर्षं झाली होती. पण हाकेला कोण काय विचारतो, ती पडली ती पडली. कार्यालयात ती नुसती बाई. शहराच्या नियोजन कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून ती बसत असे, आणि पुढच्या वर्षी शहरात जी कामं करायची त्यांचा लांबलचक तक्ता भरत असे. कामाचं नाव, जागा, खर्च, मुदत, हे चार रकाने छापील. पाचवा रकाना म्हणजे 'दरवर्षी वाचणारे जीव'. तो मात्र हातानं भरायचा आणि खाली सही करायची, उद्या कुणी जाब विचारला तर अक्षर ओळखता यावं म्हणून. गटारांची झाकणं, शाळांच्या जिन्यांचे कठडे, रस्त्यावरचे दिवे, सगळ्यांपुढे आकडा हवा. फक्त एका ओळीपुढे नको. सोळा सार्वजनिक इमारतींच्या दारांवरची तपासणी यंत्रं, लोखंडी अडसर आणि पहारेकरी पुढे चालू ठेवायचे, या ओळीत आडवी रेघ मारायची. आधीच्या माणसानं निवृत्त होताना ड्रॉवरच्या किल्ल्यांबरोबर तिला हेही सोपवलं होतं. "सुरक्षेला रेघ. का ते विचारू नका. तिथले जीव अमूल्य असतात." "आणि गटारातले?" तिनं विचारलं होतं. तो खो खो हसला होता. "गटारात पडणाऱ्याला किंमत असते हो. परवडेल तेवढी."

सहा वर्षं तिनं इमानेइतबारे रेघ मारली. यंदा एकशे त्रेचाळीस ओळी एका दुपारी भरायच्या होत्या, हात घाण्याला जुंपल्यासारखा चालला होता, आणि त्या ओळीपाशी तो थांबलाच नाही. इतर ओळींना जी रीत तीच त्यानं हिलाही लावली. गेल्या दहा वर्षांत आपल्याएवढ्या शहरांत असल्या इमारतींमध्ये घातपातात माणसं किती गेली, त्यातली यंत्रानं किती वाचली असती, भागिले वर्षं, भागिले शहरं. उत्तर चार शतांश. लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. पुढची ओळ वळणरस्त्याची होती. त्या रस्त्यावर सिग्नल नसलेली एकेचाळीस वळणं आहेत आणि तिथं वर्षाला एकोणीस माणसं गाडीखाली येतात. सिग्नल बसवले तर साडेसहा जीव वाचतील, असं तिनं लिहिलं. साडेसहा. दोन्ही कामांचा खर्च जवळपास सारखा. दोन ओळी एकाखाली एक, जणू मुद्दाम कुणी तुलनेला मांडल्यात. आता ती डोळे फाडून तक्त्याकडे बघत होती आणि तिला खरोखर आठवत नव्हतं, की त्या दुपारी हात विसरला होता, की हाताला सगळं ठाऊक होतं आणि विसरली ती आपणच.

"अध्यक्षांनी स्वतः गोल केलाय," सबुरी म्हणाले. "उद्या अकराला समितीची बैठक. तिथं एवढंच सांगायचं, अनवधानानं पडला. आकडा खोडायचा, रेघ मारायची, बाजूला सही. कुणाचं काही बिघडत नाही." "पण आकडा बरोबर आहे," मोठी म्हणाली. "बरोबर आहे म्हणूनच तर!" सबुरींनी खुर्ची ओढली आणि ते चक्क बसले. "बाई, तुम्ही हुशार आहात, पण जरा सबुरीनं घ्या. वळणरस्त्यावर एकोणीस जण मरतात ते एकोणीस वेगवेगळ्या दिवशी मरतात. प्रत्येकाच्या वाट्याला पेपरात चार ओळी. कोणी राजीनामा मागत नाही. इथं स्फोटात एकाच दिवशी सात गेले होते तर अख्खी समिती घरी गेली. आणि समजा उद्या तुमच्या आकड्यामुळे ही यंत्रं काढली, आणि परवा काही झालं? साडेसहा वाचलेले कोण ते तुम्हाला येऊन सांगणार नाहीत. त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. पण मेलेल्यांचे नातेवाईक मात्र हा कागद घेऊन येतील. अक्षर तुमचं आहे." ते उठले. टंकलेखिका पुन्हा टाइप करू लागली, पण तिचं लक्ष नव्हतं हे तिच्या चुकांवरून कळत होतं.

एकाच दिवशी सात. ते हा आकडा किती सहज म्हणाले! त्यांना ठाऊक नव्हतं, कार्यालयात कुणालाच नव्हतं. स्फोट झाला त्या कर भरणा सभागृहाच्या भिंतीवर सात नावांची एक फरशी आहे. तिच्यावरचं पाचवं नाव धाकटीचं, पण ते सासरचं आडनाव, आठ महिने वापरलेलं. त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, आणि मोठीनं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की माणसं एकदम हळू आवाजात बोलायला लागतात आणि पुढचे दोन महिने तुमचा डबा आधी गरम करून देतात. तिला ते नको होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती तर तिनं आईलाही सांगितली नव्हती. स्फोटाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, धाकटीचा फोन आला होता. नळजोडणीवर नवं नाव लावायचं होतं, कधी जाऊ, रांगा फार असतात म्हणे. मोठी तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती, वर्षभराच्या रांगांची मोजदाद तिच्याच टेबलावर होती, आणि ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती, "मंगळवारी जा. साडेअकरा ते बारा. सगळ्यात कमी गर्दी." "वा गं माझी पंचांगवाली!" धाकटी म्हणाली होती. आणि गर्दी खरोखरच कमी होती. नंतर चौकशीच्या कागदांत ते आलंच, की रोजच्या मानानं त्या वेळी रांगेत माणसं निम्मीच होती, नाहीतर आकडा सातावर थांबला नसता. म्हणजे तिचा हिशेब चुकला नव्हता. चौदा वर्षं ती या एका वाक्यावर डोकं आपटत होती, की हिशेब चुकला असता तर बरं झालं असतं, निदान चुकीला दोष देता आला असता. आणि आता पुन्हा तिचा आकडा बरोबर होता. डबा उघडला आणि तसाच मिटला. दुपारी जिन्यावर कुणीतरी लोखंडी कपाट आपटलं तेव्हा ती उभी राहिली होती, आणि उभी का राहिली ते लपवायला तिनं खिडकी बंद केली.

संध्याकाळी बसमध्ये ती वळणरस्त्याच्या बाजूला बसली. एरवी या प्रवासात तिला डुलकी लागत असे. आज ती एकेक वळण मोजत होती. एका वळणावर एक बाई एका हातानं लहान मुलीचं मनगट आणि दुसऱ्या हातानं पिशवी धरून गाड्यांच्या फटीची वाट बघत होती, एक पाऊल पुढे, एक मागे. मोठीला वाटलं, ही साडेसहांतली असेल का? की एकोणिसांतली? आणि लगेच वाटलं, बाई गं, काय हे तुझं डोकं, समोर जित्ताजागता माणूस आणि तुला रकाने दिसतात. मग चार शतांश कसा दिसत असेल, हा विचार आला आणि काही केल्या जाईना. चार शतांश माणूस म्हणजे केवढा? एका हाताची बोटं? केसांचा शेपटा? धाकटीच्या डाव्या भुवईत एक बारीक खाच होती, लहानपणी मोठीनंच दार ओढताना पाडलेली. तेवढी खाच? आणि याच घटकेला, बस अंग चोरून एका टेम्पोच्या बाजूनं निघत असताना, तिच्या लक्षात आलं ते आलंच. रीत दहा वर्षांची होती. धाकटी जाऊन चौदा झाली. म्हणजे त्या चार शतांशांत भुवईची खाचसुद्धा नव्हती. तिनं आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, धाकटीला सोडून हिशेब मांडला होता.

तिनं पाकिटाच्या मागं तिकिटाच्या आकाराच्या जागेत गणित केलं. मुदत चौदा वर्षांपर्यंत मागं नेली, आपल्या शहराचे ते सात त्यात घेतले. सात शतांश येत होते. परत केलं. सातच. तीन शतांशांचा फरक, आणि सिग्नल तिथंच, साडेसहावर. धरली काय आणि सोडली काय, निकाल तोच. हे कळल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला इतकं रडू आलं, की शेजारच्या म्हातारबुवांनी तिला खिडकी उघडून दिली.

आईनं दार उघडताच विचारलं, "तोंड का उतरलंय?" "काही नाही, दमलेय." "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. डबा जड लागतोय." आई डब्याची पिशवी नुसती हातात घेऊन सांगत असे, की माणूस जेवलं की नाही. चाळीस वर्षं तिनं बायकांचे कपडे शिवले होते. डोळ्यांनी काम सोडलं होतं, पण हाताचा अंदाज जात नव्हता. तिच्यापुढे काही लपवणं म्हणजे उन्हात सावली लपवणं, आणि तरीही मोठी तासभर लपवत राहिली. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. कारण नेमकं हेच तर आईला सांगता येत नव्हतं. स्फोटानंतर तीन महिन्यांत ती सोळा यंत्रं बसली तेव्हा एक लांबचे काका भेटायला आले होते आणि बोलून गेले होते, "हं, बैल गेला आणि झोपा केला." आईनं त्यांना चहाच्या अर्ध्या पेल्यावरून उठवलं होतं. "माझ्या लेकीला बैल म्हणता?" त्या दिवसापासून आईनं मनाशी एक गोष्ट धरली होती आणि तिच्यावर ती चौदा वर्षं तगली होती. लेक गेली, पण तिच्यामागं ती यंत्रं आली. आता कुणाचं लेकरू तसं जाणार नाही. दवाखान्यात जाताना ती यंत्रापाशी मुद्दाम रेंगाळायची, पहारेकऱ्याला 'कसं आहे बाबा' विचारायची, जणू ते धाकटीच्या सासरचं माणूस. आणि मोठीनं त्या यंत्राची किंमत ठरवली होती. चार शतांश.

शेवटी तिनं सांगितलं. मोरीच्या उंबऱ्यावर बसून, ओल्या हातांनी, सगळं, सबुरींचं, लाल गोलाचं, सिग्नलचं. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. "म्हणजे ती यंत्रं काहीच करत नाहीत?" आईनं विचारलं. "करतात. थोडं करतात. तेवढ्याच पैशात सिग्नल जास्त करतात." "तू आधीपासून हे जाणून होतीस?" "हो." "आणि मी त्या पहारेकऱ्याची विचारपूस करत होते ते बघत होतीस." "आई..." "बोलू नकोस जरा." आई उठली, शिवणाच्या मशीनवरचं कापड उगाच झटकलं आणि परत टाकलं. तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न मोठीनं अख्ख्या दिवसात कुणाकडून अपेक्षिला नव्हता: "तो आकडा तू तिला धरून काढलास, की सोडून?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द, धरून, की झालं. मोठीच्या जिभेवर तो आलाही होता. "सोडून," ती म्हणाली. "दहा वर्षांचीच रीत आहे. तिला चौदा झाली." आईनं वळून पाहिलं. चौदा वर्षांत तिनं मोठीकडे असं पाहिलं नव्हतं, आणि मोठीला वाटलं, आता मंगळवारचंही बाहेर पडेल, आता काही म्हणजे काही आत राहणार नाही. "आणि धरून?" "सात. सात शतांश." "आणि सिग्नल?" "साडेसहा. पूर्ण माणसं." आई मशीनच्या स्टुलावर बसली. बोटांनी हिशेब करत होती की नुसतीच बोटं चोळत होती, कळेना. "गिऱ्हाइकाचं माप अंगावरनं घ्यायचं असतं," ती म्हणाली, "आठवणीनं नाही, ठोकताळ्यानं नाही. मापाला माणूस समोर उभं हवं. मग कापड कमी पडलं तर पडलं, तसं तोंडावर सांगता येतं." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तो तसाच धरून ठेवला. "लाव तुझे सिग्नल. मी काही म्हणत नाही. दुसऱ्या कुणाच्या पोरी का मराव्यात. पण तिला सोडून लिहू नकोस गं. धरून लिही, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे." मोठी उठून तिच्याजवळ गेली. दूध उतू गेलं तेव्हा आईच आधी धावली.

दुसऱ्या दिवशी अकराला समितीच्या खोलीत मोठीनं तळहात साडीला दोनदा पुसले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला अध्यक्ष. त्यांना भाषणाची सवय होती, पण आज ते थोडक्यात बोलत होते, आणि थोडक्यात बोलणारा मोठा माणूस तिला नेहमीच जास्त भीती घालत असे. सबुरी तिच्या शेजारी. समोर सुरक्षा अधिकारी, पांढऱ्या मिशांचा, ताठ बसलेला. तो वाईट माणूस नव्हता. हे तिला आधीपासून वाटत होतं आणि त्यामुळे जास्तच जड जात होतं. "माझं काम असं आहे बघा," तो म्हणत होता, "की ते नीट झालं तर दिसतच नाही. यंत्र बघून जो माघारी गेला तो तुमच्या कुठल्या रकान्यात येणार? मी रात्री झोपतो कसा ते माझं मला ठाऊक. आणि या बाई खुर्चीत बसून सांगतात, चार शतांश." "त्यांचं अनवधान झालंय," सबुरी घाईघाईनं म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली असेल त्यांनी. "बाई, सांगा ना." आणि त्यांनी आपलं पेन तिच्यापुढे सरकवलं, खोडायला.

मोठीनं पेन उचललं. तिला तेवढ्यात सगळं दिसून गेलं, म्हणजे उद्या, परवा, कुठल्यातरी मंगळवारी, कमी गर्दीच्या वेळी, एखाद्या दारात यंत्र नसेल, आणि हा कागद कुणाच्यातरी हातात असेल. हे होणारच नाही असं तिला म्हणता येत नव्हतं. सात शतांश म्हणजे होणार नाही असं नव्हे. हे तिच्याएवढं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. "अनवधान झालंय," ती म्हणाली. सबुरींनी सुस्कारा सोडला. "मुदत कमी धरली गेली होती." तिनं चारावर एक रेघ ओढली, रकान्यात रेघ नव्हे, नुसत्या चारावर, आणि शेजारी सात लिहिला. "शून्य पूर्णांक शून्य सात. एवढा येतो. सिग्नलचा साडेसहा बरोबर आहे. दोन्ही ओळींपैकी एकालाच पैसे असतील तर सिग्नलला द्यावेत, असा माझा अभिप्राय आहे."

सबुरींनी कपाळाला हात लावला. "चाराचे सात करून काय मिळवलंत?" अध्यक्षांनी विचारलं. "निकाल बदलतो का त्यानं?" "नाही." "मग कशाला बदलता?" ती सांगणार होती, पण सुरक्षा अधिकारी मध्येच बोलला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि तो ओरडला नाही, उलट एखाद्या घरच्या माणसाला समजावावं तसं म्हणाला, "बाई, कागदावर सगळं जमतं हो. पण एकच सांगा मला, छातीवर हात ठेवून सांगा. त्या दिवशी त्या रांगेत तुमच्या घरचं कुणी असतं, तर तुमच्या हातून हा आकडा लिहिला गेला असता का?"

"होती," मोठी म्हणाली. "माझी धाकटी बहीण. तिला धरूनच सात येतात."

मग तिनं सातच्या बाजूला, उद्या कुणालाही ओळखता येईल अशी, पूर्ण नावाची सही केली.